मीठ कोण बघणार?

पलक ओस्तवाल जळगावात पाककलेचा डिप्लोमा पास झाली, वर्गात दुसरी आली. पण तिथे रांधलेल्या भाज्यांपैकी बहुतेक भाज्यांची चव तिला ठाऊक नव्हती. घर दोंडाईच्याचं, जैन. वडील पुखराजशेठ यांचं बाजारात कापडाचं दुकान. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कांदा-लसूण कधी आला नव्हता आणि सूर्य बुडाल्यावर चूल पेटली नव्हती. पोरीला केक-बिस्किटं शिकायची आहेत असं समजून मम्मीने होकार दिला. पुढे रस्से आणि भरितंही शिकावी लागणार हे कळल्यावर एकच अट घातली, "शीक सगळं, बेटा. पण तोंडात घालायचं नाही."

ती अट पाळणं सोपं गेलं, कारण शेजारच्या शेगडीवर नूतन होती. रावेरकडच्या केळीच्या बागाईतदाराची मुलगी, बडबडी आणि खाण्याची भारी हौस. पलकची भाजी उतरली की नूतन न विचारता चमचा घालायची. "मीठ कमी गं." "आज फक्कड!" पलक नाकाने रांधायची आणि नूतन जिभेने तपासायची. दोघींचं मिळून एकच माणूस असल्यासारखं चाललं होतं.

निकाल लागला आणि नूतन पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात गेली. होस्टेलच्या खोलीत तिच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. पलक सकाळी उठली की आधी त्या गादीकडे बघायची आणि मग उगाचच रेडिओ लावायची.

नोकरीसाठी ती जळगावात दारोदार फिरली. रिंग रोडवरच्या एका मालकाने सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "काउंटरला बसा मॅडम, तिथं एसी आहे. किचनमध्ये मुली टिकत नाहीत." दुसऱ्याने आडनाव वाचून भुवया वर केल्या. "शेठजींना माहीत आहे का, तुम्ही इथं आलात ते?" तिसऱ्याने फोन करतो म्हणून सांगितलं, तो फोन काही आला नाही. दुपारी ती बसस्टँडवरच्या बाकावर बसून घरचे खाकरे खायची. आजूबाजूला इतकी माणसं, पण कुणाला काही सांगावं असं त्यांत कुणी नव्हतं. नूतनला फोन लावावा तर ती ड्युटीवर असायची.

शेवटी कॉलेजच्या ग्रुपवर एक निरोप आला. धुळ्याला, हायवेच्या कडेला, एका शाकाहारी रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात माणूस हवं होतं. पारोळ्यावरून जाणारी एस.टी. पकडून ती गेली. गल्ल्यावर मालक पितांबरभाऊ बसले होते. त्यांनी कागद हातातही घेतले नाहीत. "माझ्याकडं काय दाखवते ताई? आत जा. सुकदेवनाना हो म्हणाले तर माझं हो."

सुकदेवनाना म्हणजे तिथले मुख्य आचारी. साक्रीकडचे, आडव्या अंगाचे, गळ्यात पंचा. त्यांनी तिला एकवार न्याहाळलं आणि मोकळी शेगडी दाखवली. "शेवभाजी कर."

पलकने कांदा भाजला, खोबरं भाजलं, लसूण ठेचला, मसाला वाटला. फोडणी बसली तशी शेजारच्या शेगडीवरच्या माणसाने मान वळवून पाहिलं. रश्श्यावर लालभडक तवंग आला. वासावरून तिला कळलं की जमलं. तिने कढई पुढे सरकवली.

"चाखली?" नानांनी विचारलं.

"नाही. आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही."

"मग मीठ बरोबर पडलं हे कशावरून?"

"वासावरून अंदाज येतो, नाना."

नाना हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "मिठले वास येस का व माय?" असं अहिराणीत अगदी हळू म्हणाले. मग पंच्याने हात पुसत म्हणाले, "तुझा धर्म तुझ्याजवळ, मी त्याच्यात पडत नाही. पण इथं गिऱ्हाइकापुढं ताट जातं, ते कुणाच्या भरवशावर जाईल? तुझं मीठ कोण बघणार?"

पलक बाहेर आली. हायवेवर ट्रक धडधडत जात होते. जळगावच्या गाडीला हात करायचा, खोलीवर जायचं, उद्या घरी फोन करून सांगायचं की मी येते. तिने नूतनला फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि थांबली. नूतनने उचलला असता, तरी पुण्याहून ती चमचा कुठून घालणार होती? पलक बराच वेळ फोन हातात धरून उभी राहिली. एक जळगाव गाडी समोरून गेली. तिने हात केला नाही.

ती परत आत गेली. कढई तिथेच होती. कुणाकडे न बघता तिने चमचाभर रस्सा घेतला आणि तोंडात घातला.

तिखटाने जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. ज्या लसणाचा वास तिला दोन वर्षं उग्र वाटत होता, तो तोंडात चक्क गोडसर लागला. तिला वाटलं होतं, काहीतरी होईल, निदान ओकारी तरी येईल. तसं काही झालं नाही. रस्सा घशाखाली उतरला, एवढंच.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आणि खोबरं जास्त भाजलं गेलंय."

"सोमवारपासून ये," नाना म्हणाले.

नळावर तिने पुन्हापुन्हा चुळा भरल्या. पहिली नोकरी लागली होती आणि ही बातमी जिला आनंदाने सांगावी त्या मम्मीला अर्धीच सांगता येणार होती.

देवपुरात एका म्हाताऱ्या जोडप्याकडे तिला खोली मिळाली. स्वयंपाकघरात बाईमाणूस ती एकटीच. दुपारी गर्दी ओसरली की बाकीचे पोत्यांवर आडवे व्हायचे. ती मागच्या भिंतीच्या सावलीत बसून राहायची. कामावर कुणी वावगं वागत नव्हतं. नाना शिकवायचेही भरभरून. पण त्या सावलीत बसलं की तिला वाटायचं, घरचं ताट सुटलंय आणि इथलं ताट अजून आपलं झालेलं नाही. मम्मीचा रोज फोन यायचा, "काय जेवलीस?" "वरण-भात," पलक सांगायची. ते खोटं नव्हतं. वरण-भात खाल्लेला असायचाच.

एके दिवशी पुखराजशेठ माल घ्यायला धुळ्यात आले आणि न कळवता रेस्टॉरंटमध्ये येऊन बसले. पलक ॲप्रनला हात पुसत बाहेर आली. त्यांच्यासमोर टेबलावर त्यांचीच उकळलेल्या पाण्याची बाटली होती.

"पप्पा, वेगळ्या भांड्यात काही करून देऊ? बिनकांद्याचं?"

"नको बेटा. तुला बघायला आलो." त्यांनी तिच्या हातावरचा भाजल्याचा डाग पाहिला. "काम जमतं ना?"

"जमतं." मग तिला राहवलं नाही. "पप्पा, मी चाखते. सगळं चाखते. त्याशिवाय इथं ठेवलं नसतं."

पुखराजशेठनी बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिताच पुन्हा लावलं. रागावले असते तर बरं झालं असतं असं पलकला वाटलं.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "मम्मीला मी सांगू, की तू?"

"मी सांगते."

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. मम्मीने सगळं ऐकून घेतलं. मग मम्मी म्हणाली, "पर्युषणात तरी घरी ये."

"येईन."

त्यानंतरही मम्मीचे फोन येत राहिले. तब्येत, घरमालकीण, धाकट्या भावाची, पुनीतची परीक्षा, सगळं बोलणं व्हायचं. फक्त "काय जेवलीस" हे तिने विचारणं सोडलं. रोज बोलणं त्या जागी आलं की मम्मी म्हणायची, "बरं, ठेवते."

पर्युषणात पलक रजा घेऊन घरी गेली. सकाळी मम्मीबरोबर जैन स्थानकात प्रवचनाला जायची, दिवस मावळायच्या आत जेवायची, एक उपवासही केला. मम्मीने तिला स्वयंपाकघरात काही करू दिलं नाही. "बस तू, दमून आलीस," म्हणाली. त्यात मायाही होती आणि आणखीही काही होतं. पलकने ते ओळखलं आणि ती ओट्यापासून दूर बसली.

संवत्सरीच्या दिवशी, वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल त्याची माफी मागायची असते. पलकने मम्मीपुढे हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, मम्मी."

मम्मीनेही हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्."

कुणी कशाची माफी मागितली, हे दोघींपैकी कुणीच विचारलं नाही. मम्मीचे डोळे भरले होते, आणि तिने पलकच्या डोक्यावरून हात फिरवला तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ रेंगाळला. पण "आता तू सोड" असंही ती म्हणाली नाही, आणि "चालू दे" असंही नाही.

दुसऱ्या दिवशी पुनीत तिला स्टँडवर सोडायला आला. गाडीत खिडकीशी बसून तिने नूतनला लिहिलं, "धुळ्याला निघाले." नूतनने लगेच एक हसरा चेहरा पाठवला आणि मग काहीच नाही, तीही कामात असणार.

रेस्टॉरंटमध्ये दुपारची गर्दी सुरू झाली होती. नाना भाताच्या पातेल्यावर वाकले होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "घरचे बरे आहेत ना?"

"बरे आहेत, नाना," पलक म्हणाली आणि तिने खुंटीवरचा ॲप्रन काढला.