मल्टी म्हणजे जास्त

खडकवासल्याच्या अलीकडे, टेकडीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकशास्त्र शिकवलं जायचं. ते समजून घेण्याची सक्ती मात्र कोणावर नव्हती. संस्थाचालकांवर तर नव्हतीच.

टेकडीपलीकडे नवी इमारत उभी राहिली आणि जुन्या इमारतीतून तिथपर्यंत ऑप्टिकल फायबर टाकायचं ठरलं. मधलं अंतर दीड किलोमीटर. कॉलेजचं नेटवर्क सांभाळणारी दीपमाला वानखेडे बैठकीला पोचली तेव्हा टेबलावर नमुन्याच्या दोन केबली होत्या, एक पिवळी आणि एक निळसर हिरवी. अध्यक्ष आप्पासाहेब त्या गवारीच्या शेंगा निवडाव्यात तशा वाकवून पाहत होते. शेजारी त्यांचा पुतण्या दिग्विजय. तो परदेशात कसलासा कोर्स करून आला होता आणि आता संस्थेचा 'डिजिटल संचालक' होता. कोर्स कसला, हे त्यालाही एका वाक्यात सांगता येत नसे.

"ही पिवळी सिंगल मोड, ही मल्टी मोड," दिग्विजय म्हणाला. "काका, सिंपल आहे. सिंगल म्हणजे एक लेन, मल्टी म्हणजे एक्स्प्रेस-वे. शिवाय हा कलर आपल्या लोगोला मॅच होतो."

"जमिनीखाली लोगो कोण बघणार आहे?" दीपमालानं विचारलं. कोणी हसलं नाही. मग ती सरळ मुद्द्यावर आली. "सर, हे उलट आहे. मल्टी मोडमध्ये आतला काचेचा धागा जाड असतो. प्रकाश त्यातून एकाच वेळी अनेक वाटांनी जातो, काही सरळ, काही कडेला आपटत. इमारतीच्या आत हे चालून जातं. लांब गेलं की पुढचे-मागचे सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि पलीकडच्या यंत्राला काही उमगत नाही. सिंगल मोडचा धागा बारीक आणि वाट एकच. म्हणून लांबवर त्याचाच वेग टिकतो."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. "बाई, आपण अकोल्याच्या ना?"

"हो."

"तरीच. आमच्याकडे पुण्यात अनेक म्हणजे जास्त."

सगळे हसले. प्राचार्य सर्वांत जास्त हसले, कारण त्यांची मुदतवाढ अजून व्हायची होती. बाहेर पडल्यावर जिन्यात त्यांनी दीपमालाला गाठलं. "तुमचं बरोबरच आहे हो," ते कुजबुजले, "पण बरोबर असण्याची ही वेळ नव्हे."

चर खणले गेले, मल्टी मोड पुरली गेली. दोन्ही टोकांना नवी वेगवान यंत्रं जोडली आणि पलीकडे काहीच पोचलं नाही. ठेकेदार वैजनाथ दीपमालाला म्हणाला, "मॅडम, मला ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, हा आपला धर्म." मग त्यानं कुठून तरी जुनी, संथ यंत्रं आणून बसवली. हिरवा दिवा लागला. आप्पासाहेबांनी नारळ फोडला. दिग्विजयनं टाळ्या वाजवल्या आणि इतरांनाही वाजवायला लावल्या.

"हा वेग आपण ठरवला होता त्याचा शंभरावा हिस्सा आहे," दीपमाला म्हणाली.

"दिवा लागला ना?" आप्पासाहेबांनी विचारलं. "मग?"

तो दिवा सत्रपरीक्षेच्या दिवशीही लागलेलाच होता. परीक्षा ऑनलाइन, विद्यार्थी नव्या इमारतीत आणि प्रश्न देणारा सर्व्हर जुन्या इमारतीत. सगळ्यांनी एकदम पेपर उघडला आणि पडद्यांवर नुसती चक्रं फिरू लागली. आकृत्यांचे प्रश्न तर उघडेचनात. कल्याणी नावाची तिसऱ्या वर्षाची मुलगी, गेल्या सत्रात डेंग्यूमुळे हाच विषय राहिलेली, पडद्याकडे पाहत मुकाट रडत होती. पर्यवेक्षक तिला म्हणाले, "रिफ्रेश कर." तेवढंच त्यांना येत होतं.

दीपमालानं दिग्विजयला फोन लावला. "सगळ्यांना थोडं थोडं लॉगिन करायला सांगा ना," तो म्हणाला. तिनं फोन ठेवला. प्राचार्यांकडून तिनं पेपर दुपारवर ढकलून घेतला. एवढं धाडस त्यांना जमलं. मग ती जुन्या इमारतीत गेली, सर्व्हर बंद केला, सुटा केला, चादरीत गुंडाळला आणि स्कूटरवर पुढे पायांशी ठेवून टेकडीच्या खडबडीत रस्त्यानं निघाली. प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव डिस्कमध्ये अडकत होता. नव्या इमारतीत तिनं तो तिथल्याच यंत्राला थेट जोडला. आता प्रश्नांना टेकडी ओलांडायचीच नव्हती. दुपारी पेपर झरझर उघडले. कल्याणीनं मान वर न करता लिहिलं. दीपमाला दाराशी उभी राहिली आणि शेवटचा पेपर सबमिट होईपर्यंत तिथून हलली नाही.

दोन दिवसांनी बैठक. दिग्विजयनं शोध लावला होता. "घुशींनी केबल कुरतडलीय. वानखेडे मॅडमनी तसं सगळ्या विभागांना सांगावं."

"घुशींना यात ओढू नका," दीपमाला म्हणाली. "केबल त्यांनी निवडली नव्हती."

प्राचार्य छताकडे पाहू लागले. आप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला, पण पुतण्याकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "कुठे कुरतडलीय? दाखव."

दिग्विजयला ते दाखवता आलं नाही.

बाकीचे उठून गेल्यावर आप्पासाहेबांनी तिला थांबवून घेतलं. "ती सिंगल खरंच पोचते?"

"पोचते."

"मग तेव्हा ठासून का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. आपण माझं गाव विचारलंत."

त्यांनी घसा खाकरला. "टाका मग सिंगल," ते म्हणाले. माफी वगैरे गोष्टी त्या टेबलावर कधी आल्या नव्हत्या.

पावसाळ्याआधी सिंगल मोड टाकून झाली. दिग्विजयनं तिला 'फेज टू' असं नाव दिलं, जणू फेज वन मुद्दाम फसू दिला होता. चाचणीच्या सकाळी दीपमाला नव्या इमारतीत यंत्रासमोर बसली. पूर्ण वेग, एकही चूक नाही. क्षणभर तिला लहान मुलीसारखा आनंद झाला. तेवढ्यात दिग्विजय फोटोग्राफर घेऊन आत आला.

"मॅडम, जरा बाजूला व्हाल? फ्रेममध्ये येताय."

"चाचणी चालू आहे," ती म्हणाली आणि उठली नाही.

फोटोग्राफरनं तसाच फोटो काढला आणि कॉलेजच्या वार्तापत्रात तोच छापावा लागला. त्यात दीपमाला मधोमध काम करते आहे आणि डावीकडे दिग्विजयचा एक कान आणि अर्धा खांदा दिसतो.