मागून नेलेली रवी

मी रवी बोलतेय, ताक घुसळायची. विजेची नव्हे, दोराने फिरणारी. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून रखमाजीने मला आणलं, तेव्हा त्याची बायको गोजरबाई नवी नवरी होती. माझ्या पाकळ्या चाचपून ती म्हणाली, "बराबर हाय." कौतुक तेवढंच. त्या घरात कौतुकाच्या बाबतीत सगळ्यांचाच हात आखडता.

रोज सकाळी मला खांबाला अडकवून डेऱ्यात सोडायचं, दोराचे वेढे द्यायचे आणि ओढत बसायचं. लोणी वर आलं की पहिला गोळा देवापुढे. ताक विकायचं नाही, जो मागेल त्याला द्यायचं. रवी मात्र कुणालाच द्यायची नाही. रवीच्या मागोमाग घरातलं लोणी जातं म्हणे. इतकी वर्षं डेऱ्यात गरगरले, पण कुठल्या लोण्याला पाय फुटलेले मी काही पाहिले नाहीत.

ताक मागायला बौद्ध वस्तीवरची चांगुणाबाईही यायची. ती उंबऱ्याबाहेर तांब्या धरून उभी राहायची आणि गोजरबाई हात उंच करून वरून धार सोडायची, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. बरंचसं पायरीवर सांडायचं. ते मांजर चाटायचं आणि खुशाल घरात शिरायचं. मांजराला कुणी अडवत नव्हतं. मला लाज वाटायची, पण माझ्या लाजेला कोण विचारतो!

पुढे रखमाजी वारला, म्हशी विकल्या. सून साधना साय मिक्सरमध्ये फिरवू लागली आणि मी खुंटीला लागले. सुकून अंगाला चीर पडली. आणखी एखादा उन्हाळा तसाच गेला असता, तर माझी रवानगी चुलीतच होती.

गेल्या महिन्यात चांगुणाबाई आली. हातात तांब्या नव्हता.

"आक्का, आमच्या देवानंदनं म्हैस घेतली. ताक मी हातानंच करीन म्हणलं. तुमची रवी देता का?"

"न्या की, पडूनच हाय," साधना म्हणाली.

गोजरबाईने खुंटीकडे पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला.

"रवी देत न्हाईत, चांगुणे," ती शेवटी म्हणाली.

"ठाव हाय. म्हणून तर इचारून राह्यले."

गोजरबाईची नजर पायरीवर गेली. मग तिने मला खाली काढलं, पदराने पुसलं आणि पायरी उतरून चांगुणाबाईच्या हातात ठेवलं. बोटांना बोटं लागली. दोघींच्याही ते लक्षात आलं.

चांगुणाबाईने मला पाण्यात भिजत घातलं. लाकूड फुगलं, चीर मिटली. डेऱ्यात उतरले आणि लोणी आलं. इतका आनंद मला नवी होते तेव्हाही झाला नव्हता.

परवा सकाळी मी डेऱ्यात असताना गोजरबाई ताकाला आली. उंबऱ्याबाहेरच थांबली, तांब्या पुढे करून. तिला कुणी थांबवलं नव्हतं.

चांगुणाबाई दोर न सोडता म्हणाली, "आत या, आक्का. आमच्यात वरून वाढायची रीत न्हाई."

गोजरबाई आत आली, खाली बसली आणि तिने तांब्या डेऱ्याला टेकवून ठेवला. मला आता कुणी परत मागू नका, एवढंच सांगणं आहे.