एकसष्टाव्या मनोऱ्याखालची खोली

हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वीजवाहिनी कंपनीचं जमीन कार्यालय होतं. दर सोमवारी सकाळी दहाच्या आत जिना माणसांनी भरून जाई. भाऊ पुढे, बहिणी मागे. आत टेबलामागे कंपनीच्या वकीलबाई बसत.

एकशे वीस किलोमीटरची उच्चदाब वाहिनी, तीनशे बारा मनोरे. तारांखालच्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, राहायचं नाही, उंच झाड लावायचं नाही. त्याबद्दल जमीनमालकाला मोबदला. कर्ज देणाऱ्या बँकांची अट कडक होती: पट्ट्यातल्या प्रत्येक वाटेकऱ्याची लेखी संमती आल्याखेरीज कर्जाचा पुढचा हप्ता सुटणार नाही. उद्या एखादी बहीण कोर्टात गेली, तिला मनाईहुकूम मिळाला, तर काम अडेल आणि पैसा बुडेल. म्हणून बहिणींकडून आधीच हक्कसोडपत्र घ्यायचं.

कायद्याने मुलीला भावाइतकाच वाटा होता. पण वाटा मागणारी बहीण म्हणजे माहेर तोडणारी, ही समजूत कायद्याहून जुनी होती आणि कंपनीच्या पथ्यावर पडत होती. पाच वाटेकऱ्यांशी बोलण्यापेक्षा एकाशी बोलणं सोपं.

वकीलबाईंचा या कामात हात बसला होता. दहा मिनिटांत एक घर.

"कुठे करू सही?"

"इथे, इथे आणि मागच्या पानावर."

कुणी विचारलंच, की यात काय लिहिलंय, तर त्या म्हणत, "भावाच्या नावावर काम सोपं जाईल, एवढंच."

एका सोमवारी जिना चढून त्यांचाच थोरला भाऊ आला. मागून कठड्याला धरून आत्या.

आत्या बाविसाव्या वर्षी, नवरा गेल्यावर, माहेरी परतली होती. जमिनीच्या टोकाला तिला एक खोली मिळाली. त्या खोलीत शिवणयंत्र चालवून तिने आयुष्य काढलं. आई गेल्यावर वकीलबाईंच्या वेण्या तिनेच घातल्या, वकिलीची फीसुद्धा तिच्याच शिवणातून गेली.

"आत्याचं नाव आजोबांपासून उताऱ्यावर तसंच राहिलंय," दादा म्हणाला. "एकसष्ट नंबरचा मनोरा त्यामुळे अडलाय म्हणे. घरचंच काम आहे, पटकन आटप."

आत्या चष्मा घरी विसरली होती. "चिमे, वाचून दाखव गं. जरा मोठ्यानं, कानही गेलेत आता."

तो मजकूर वकीलबाईंनी स्वतः तयार केला होता, पण मोठ्याने कधी वाचला नव्हता. "मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना, माझा सर्व हक्क कायमचा सोडून देत आहे. सदर जमिनीवर माझी वहिवाट नाही…"

"वहिवाट म्हणजे?"

"राहणं. वापर."

"मग माझी खोली?"

नकाशावर ती खोली तारांच्या बरोबर खाली होती. मोजणीच्या अहवालात तिची नोंद 'अवजारांची खोली' अशी झाली होती, आणि अहवाल तपासल्याची सही वकीलबाईंची होती.

"खोली पाडावी लागेल आत्या," दादा म्हणाला. "आमच्याकडे ये ना. मागची पडवी आवरून देतो."

"आणि सही नाही केली तर?"

"तर सगळंच लटकेल. हिचे साहेब काय म्हणतील? स्वतःच्या घरातली सही आणता येत नाही, ही दुसऱ्यांच्या काय आणणार?"

आत्याने पुतणीकडे पाहिलं. 'तुझा वाटा आहे' एवढं म्हणायला काही वेळ लागला नसता. वकीलबाईंनी कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"दे इकडे," आत्या म्हणाली. "माझ्यापायी तुझ्या नोकरीला धक्का नको."

त्या वेड्यावाकड्या सहीखाली वकीलबाईंनी शेरा लिहिला: मजकूर वाचून दाखवला, समजून-उमजून, स्वखुशीने सही केली.

खोली एका सकाळीत पाडली गेली. आत्या शिवणयंत्रासकट पडवीत आली. यंत्राच्या खडखडाटाने मुलांचा अभ्यास होत नाही म्हणून महिन्याभरात ते विकलं गेलं. पुढे तिचा खोकला सगळ्यांना खुपू लागला. सातव्या महिन्यात दादाने तिला शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. "तिथे तिची नीट सोय होते," तो फोनवर म्हणाला. वकीलबाईंच्या दोन खोल्यांच्या घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. 'मी आणते तिला' हे घरात बोलायचं त्यांनी अनेकदा ठरवलं आणि प्रत्येक वेळी पुढच्या रविवारवर ढकललं.

त्या भेटायला गेल्या तेव्हा आत्या खाटेवर बसून उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण हाताने घालत होती. तिने तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "चिमे, बाकीच्या बायकांना वाचून दाखवतेस ना गं? मला निदान कळलं तरी, काय सोडलं ते."

"हो," वकीलबाई म्हणाल्या.

आत्याने त्यांच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा सुई ओवायला घेतली.

तीन आठवड्यांनी ती न्यूमोनियाने गेली. दादाने सगळं रीतसर केलं. लोकांनी त्याचं कौतुक केलं.

त्यानंतरच्या सोमवारी चौऱ्याऐंशी नंबरच्या मनोऱ्याच्या तीन बहिणी आल्या. वकीलबाईंनी हक्कसोडपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "तुम्हा तिघींचा भावाइतकाच वाटा आहे. सोडायचा असेल तर सोडा, पण माहीत असून सोडा."

भाऊ ताडकन उठला. "बाई, तुम्ही कंपनीच्या की यांच्या?"

थोरलीने सही केली. "मला भाऊ हवाय," ती म्हणाली. धाकटीने थोरलीकडे पाहिलं आणि सही केली. मधलीने पेन खाली ठेवलं.

"माझं नाव राहू द्या. माझ्या वाट्याचा मोबदला माझ्या नावाने द्या. तार न्या की खुशाल, मी कुठे अडवतेय?"

"आजपासून तू मला मेलीस," भाऊ म्हणाला आणि दोघींना घेऊन जिना उतरला. खाली गाडी सुरू होऊन निघून गेल्याचा आवाज आला. मधली पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तिने विचारलं, "इथून बस किती वाजता असते हो?"

दुपारी साहेबांनी बोलावून घेतलं. "एका बाईपायी बँकेचा हप्ता अडवणार तुम्ही?"

"साहेब, माझ्याकडे दोनशे चाळीस हक्कसोडपत्रं आहेत. आजच्या आधी त्यातलं एकच मी वाचून दाखवलं होतं, आणि त्या बाईला मी फसवलं. बँकेने संमती मागितली होती. आपण नुसत्या सह्या दिल्या."

हेच त्यांनी कर्ज देणाऱ्या बँकांना लेखी कळवलं. सोबत दोनशे चाळीस नावांची यादी जोडली आणि प्रत्येक नावापुढे साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घातलं.

नोकरी गेली. वकिलीची सनद चौकशीत अडकली. दादाने फोन उचलणं बंद केलं. कंपनीने नव्या वकिलाचं मत घेतलं: सर्व कागद कायदेशीर आहेत. बँकांचं समाधान झालं, हप्ता सुटला, वाहिनी सुरू झाली. दोनशे चाळीसपैकी एकोणीस बायकांनी दावे लावले आहेत. बाकीच्यांनी वकीलबाईंना दारातूनच परत पाठवलं. तरी त्या रोज कुणाचं ना कुणाचं दार ठोठावतात आणि विचारतात, "तुमचा कागद आणा, मी वाचून दाखवते."

वाचकहो, तसा एखादा कागद आपल्याही कपाटात असेल. त्यावर बहिणीची किंवा आत्याची सही असेल आणि 'स्वखुशीने' हा शब्दही असेल. सही घेण्याआधी तो तिला कुणी वाचून दाखवला होता?