सहीपुरती बायको

मुनाफने तलाक दिला तेव्हा ताहिरा गोव्यातल्या साखळी गावच्या आपल्या पार्लरमध्ये एका नवरीच्या भुवया कोरत होती. फोनवर आवाजी निरोप आला. हात गुंतलेले, म्हणून तिने तो स्पीकरवर लावला, आणि सबंध पार्लरने ऐकला. तलाक, तलाक, तलाक. मागे कुणीतरी ओरडून चहा मागत होतं. एवढ्या मोठ्या कामासाठी या माणसाला निवांत जागासुद्धा शोधावीशी वाटली नाही, हेच आधी तिच्या मनात आलं. रडू नंतर आलं, घरी गेल्यावर, दार लावून.

मुनाफने बेळगावात दुसरा निकाह लावलाय, हे ती राहायची त्या कारापूरच्या सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. आता तो उजळ माथ्याने तिथेच राहायला गेला आणि इकडे त्याचे मामा, खादरमामू, ताहिराच्या ओसरीवर येऊन बसले. मामूंचा धर्माचा अभ्यास दोनच प्रकरणांचा: पुरुषाला काय चालतं आणि बाईला काय चालत नाही.

"झालं ते झालं," मामू म्हणाले. "इद्दतीचे तीन महिने पाळ नि माहेरी जा. घर मुनाफचं."

"मामू, नवराबायकोत बिनसलं तर दोन माणसं बसवा असं कुराणात आहे. एक त्याच्याकडचा, एक माझ्याकडचा. माझ्याकडचा कुठाय?"

"बाईने असल्या गोष्टीत तोंड घालू नये."

"मग मौलानांना विचारून या."

मामू गेले ते आठवडाभर फिरकलेच नाहीत. मौलाना काय म्हणाले ते ताहिराला मौलानांच्या बायकोकडूनच कळलं. ती केसांना मेंदी लावायला आली होती. "हे खादरमामूंवर भडकले. म्हणाले, रागाच्या भरात फोनवर बरळणं म्हणजे तलाक नव्हे, तो दीन-धर्माचा खेळ झाला. शिवाय गोव्यात कोर्टाशिवाय कुणाचंच लग्न मोडत नाही, हिंदूचं नाही नि मुसलमानाचंही नाही." एवढं उत्तर मामूंना काही कारापूरपर्यंत उचलून आणवलं नव्हतं.

डिचोलीच्या सेजल वकिलांनीही तेच सांगितलं. लग्नाची नोंद आहे, घर लग्नानंतर बांधलेलं, म्हणजे निम्मं ताहिराचं, तिच्या सहीशिवाय ते विकता येणार नाही. फोनवरच्या त्या शब्दांसाठी पोलिसांत तक्रारसुद्धा करता येईल, असं त्या म्हणाल्या. "तो तुरुंगात बसून मला काय मिळणार?" ताहिरा म्हणाली. "मी आहे तिथेच राहते."

बातमी फुटल्यावर गोकुळदास आला. साखळीत कुठलाही मंच बांधला की हा त्यावर चढलेला असायचा.

"ताहिराबाय, रविवारी आमचा कार्यक्रम आसा. पीडित मुस्लिम भगिनींचा सन्मान. तुम्ही नुसतं मंचावर बसायचं नि शाल घ्यायची. थोडं रडू आलं तरी बरंच."

"बरंच म्हणजे?"

"लोकांच्या काळजाला भिडतं."

ताहिराने त्याच्याकडे नीट पाहिलं. याची बहीण प्रभावती तिच्याकडे केस रंगवायला यायची. गणेशचवथीला भावाने हौसेने नवी साडी घेतली, आणि बापाच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याची सही त्याच दिवशी घेतली, हे तिनेच आरशात बघत सांगितलं होतं.

"गोकुळदासबाब, ती शाल प्रभावतीबायना घाला. कायदा तिचा नि माझा एकच. तिचं रडू मी ऐकलंय, काळजाला भिडतं."

गोकुळदास चहा तसाच ठेवून उठला. ही बाई फार माजलीय, असं तो पुढे सांगत फिरला. मंचावर मात्र त्याने दुसरीच कुणीतरी बसवली.

पावसाळा सरला आणि एका संध्याकाळी मुनाफ स्वतः उगवला. बरोबर मामू, हातात म्हापशाहून आणलेली मिठाई. म्हापशाचा कुणी बिल्डर घर आणि मागची बाग घ्यायला तयार होता. मुनाफने त्याला बायको नाही म्हणून सांगितलं, तर बिल्डरच्या वकिलाने कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम मागितला. हुकूम कुठून आणणार? मग गड्याला एकाएकी संसार आठवला.

"ताहिरा, तू अजून माझीच बायको गं," तो म्हणाला.

"असं? मग तो तलाक?"

"रागात बोललो. मामू, सांगा ना हिला."

मामूंनी घसा साफ केला. "रागातला तलाक काही खरा नव्हे. मौलानांनीच सांगितलंय."

"तेव्हा सांगायचं राहिलं वाटतं, मामू?"

मामू मिठाईच्या खोक्याची दोरी सोडू लागले.

"म्हणजे रजिस्ट्रारच्या टेबलापर्यंत मी बायको," ताहिरा म्हणाली. "तिथून बाहेर पडल्यावर कोण?"

मुनाफने विक्रीचे कागद तिच्यापुढे सरकवले.

"बेळगाववालीची सही घे. ती पण बायकोच ना?"

"तिची चालत नाही," मुनाफ बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं.

ताहिरा हसली. आता समोर बसलेला बघून तिला फक्त नवल वाटलं, याच्यासाठी आपण दार लावून रडलो! तिने मिठाई मामूंच्या हातात परत दिली. सही दिली नाही.

घटस्फोटाचा दावा तिनेच घातला. तारखांवर तारखा पडल्या. मामू एकदाच साक्षीला उभे राहिले. तलाक झाला होता की नव्हता असं सेजल वकिलांनी विचारताच त्यांनी आधी हो म्हटलं, मग नाही, मग प्यायला पाणी मागितलं. दोन वर्षांनी लग्न मोडलं. पुढे वाटणीत घर बागेसकट ताहिराकडे राहिलं, मुनाफचा ट्रक आणि दोघांचा पेडण्यातला प्लॉट मुनाफला गेला. बाग विकून तो श्रीमंत होणार होता, ते तेवढं राहून गेलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर स्कूटरपाशी त्याने तिला गाठलं. चेहरा अगदी दुखावलेला.

"एवढं सगळं करायची काय गरज होती? मी तर तुला केव्हाच सोडलं होतं."

उत्तर तिच्याजवळ होतं, एक नव्हे पन्नास होती. पण ती समजायला समोर कुणीतरी असावं लागतं. तिने ओढणी खांद्यावरून घट्ट बांधली, स्कूटर चालू केली आणि त्याला म्हणाली, "बाजूला हो, मुनाफ. रस्ता अडवून उभा आहेस."