चौथा ठोका

“मांजर नको, मावशी! मांजराची गोष्ट माझ्या नातीला सांगा. एमॉसला हाक मारा, एमॉसला!”

ट्रेव्हरच्या आवाजाने ‘काळं कोकरू’ पबमधली सगळी डोकी वळली. हेझलबाईंच्या हातातला कंदील जरासा हलला. नोव्हेंबरातली संध्याकाळ, इंग्लंडातल्या यॉर्कच्या बोळांत काळोख केव्हाच साचला होता. भुतांच्या गोष्टी सांगत माणसं एका पबातून दुसऱ्यात न्यायची, त्या पबफेरीतला हा तिसरा मुक्काम. बिस्किटांच्या कारखान्यातली आठ-दहा जणं आज त्यांच्याबरोबर निघाली होती. पहिल्या पबात मुंडकं नसलेल्या न्हाव्याची गोष्ट झाली, दुसऱ्यात जिन्यावर रडणाऱ्या नवरीची. ग्लास रिकामे होत गेले तसे आवाज चढत गेले.

“एमॉस आता थकलाय,” हेझलबाई हळूच म्हणाल्या. “मांजराचीच गोष्ट ऐका.”

“असं कसं? चार वर्षांपूर्वी मी इथंच उभा होतो. तुम्ही हाक मारलीत आणि खालून तीन ठोके आले. मी थापा मारतो असं म्हणतात ही माणसं!”

“थापाड्या नाही हो, मावशी, बेवडा म्हणतो आम्ही त्याला,” ब्रेंडा म्हणाली. ती कारखान्यात त्याच्याच भट्टीवर कामाला होती. “तेव्हापासून गोदामात एकटा पाऊल टाकत नाही हा गडी. पिठाचं पोतं आणायला सोबत लागते. ठकठक्या नाव पडलंय त्याचं.”

सगळे खो खो हसले. ट्रेव्हरही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

हेझलबाईंनी त्या कानांकडे पाहिलं.

ठोके मारायचा तो नॉर्मन, त्यांचा नवरा. पबफेरी मूळची त्याचीच कल्पना. तळघरात मेलेला एमॉस नावाचा दारूवाला त्यानंच एका पावसाळी दुपारी बटाटे सोलता सोलता जन्माला घातला. हेझलबाईंनी वर गोष्ट सांगायची, एमॉससाठी अर्धा ग्लास बिअर तळघराच्या वरच्या पायरीवर ठेवायची, दार लोटायचं, हाक मारायची. नॉर्मन बोळातल्या, पिंपं उतरवायच्या झडपेतून आधीच खाली उतरलेला असे. तो बिअर प्यायचा, पिंपावर तीनदा लाकडी मोगरी हाणायचा आणि घरी येताना पेपरमिंटच्या गोळ्या चघळायचा. हेझलबाईंनी लहानपणी चॅपेलमध्ये दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती. इतकी वर्षं पबांतून माणसं हिंडवूनही त्यांनी आल्याच्या पाण्यापलीकडे काही तोंडाला लावलं नव्हतं. नॉर्मनच्या गोळ्यांआडून बिअरचा वास त्यांना यायचा, पण त्या काही बोलायच्या नाहीत.

आणि एक चौथा ठोका असे. माणसं किंचाळत असताना, अगदी हलका. तो फक्त हेझलबाईंसाठी. कारण भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्या या बाईला अंधाराचं जन्मापासून भय होतं, आणि यापुढचा बोळ सगळ्यात काळा. घाबरू नकोस, मी आहे, एवढंच तो ठोका म्हणायचा.

यंदा ईस्टरच्या आधी नॉर्मन गेला. तेव्हापासून ‘काळ्या कोकरा’त हेझलबाई मांजराची गोष्ट सांगत. हाक मारायची छातीच होत नव्हती. खालून ठोके आले तर? या विचाराने अंगावर काटा यायचा. आणि नाही आले तर, हा विचार तर त्या मनात पुरा होऊच देत नसत.

“मारा ना हाक,” ट्रेव्हर म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. “एकदाच. यांना ऐकू दे.”

पबचा मालक डेस्मंड यानं काही न विचारता अर्धा ग्लास भरून पुढे केला. हेझलबाईंनी तो पायरीवर ठेवला. दार लोटलं. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

“एमॉस! आहेस का रे?”

सगळ्यांनी कान टवकारले. शेकोटीत एक लाकूड फुटलं तेवढंच. खाली काही नाही. काही म्हणजे काहीच नाही.

“रजेवर गेला वाटतं!” ब्रेंडा ओरडली, आणि हशा उसळला. “ठकठक्या, तूच जा खाली!”

ट्रेव्हर खाली मान घालून आपल्या ग्लासाशी खेळत बसला.

आपण दोघांनी गंमत केली आणि हसं झालं या माणसाचं. हेझलबाईंना ते सोसवेना. त्या डेस्मंडजवळ गेल्या. “मी जरा वारा घेऊन येते. तू पुन्हा एकदा हाक मार.”

“बाई, तुम्ही? खाली?” तो कुजबुजला. “दिव्याचं बटण पार पलीकडच्या भिंतीला आहे. आणि कंदील नेलात तर दाराच्या फटीतून उजेड दिसेल हो.”

“ठाऊक आहे.”

कंदील त्याच्याकडे ठेवून त्या बाहेर पडल्या आणि बोळातली झडप उचलली. आत तोंड उघडून बसल्यासारखा काळोख. त्या उलट्या वळून, शिडीला घट्ट धरून उतरू लागल्या. प्रार्थनेचे शब्द मध्येच तुटत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत होते. पायाला जमीन लागली तेव्हा अंगातले कपडे घामाने ओले झाले होते. समोर कुणी श्वास घेतंय असं वाटलं. त्या थांबल्या. त्यांचाच श्वास होता.

चाचपडताना हाताला खोकं लागलं. खोक्यावर उशी. तिची वीण बोटांना ओळखीची होती. हरवली म्हणून घरभर शोधलेली ती हीच. उशीशेजारी मोगरी. मोगरीखाली कागदी पुडी, आत ओल धरून एकमेकींना चिकटलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या.

हेझलबाई उशीवर बसल्या. इथं बसून तो काय ऐकत असेल? आपलाच आवाज.

“एमॉस!” वरून डेस्मंड गरजला. “पाहुणे खोळंबलेत!”

पिंपावर मोगरीनं पडलेला खळगा त्यांनी बोटानं शोधला. ठक्. ठक्. ठक्.

वर किंकाळ्या फुटल्या, खुर्च्या पडल्या, आणि त्या सगळ्यांवर ट्रेव्हरचा आवाज: “ऐकलंत? आता बोला की!”

मोगरी चौथ्यांदा उचलली गेली, पण त्यांनी ती तशीच खाली ठेवली. तो ठोका ऐकायला वर कुणी नव्हतं.

त्या परत आल्या तेव्हा ब्रेंडा डेस्मंडच्या दंडाला धरून उभी होती आणि ट्रेव्हर पांढराफटक पडला होता. मंडळी चौथ्या पबकडे निघाली. बोळाच्या तोंडाशी ट्रेव्हर हेझलबाईंना अगदी चिकटून चालू लागला.

“मावशी, नसती हौस केली मी,” तो पुटपुटला. “आता तर गोदामाच्या दारातसुद्धा जायचा नाही मी.”

त्या थांबल्या. बाकीच्यांना थोडं पुढे जाऊ दिलं.

“तू तेव्हा ऐकलंस ते खरं, बाबा. पण तो एमॉस नव्हता. माझा नवरा होता, नॉर्मन. भला माणूस. ईस्टरच्या आधी गेला.”

“आणि आज?”

“आज मी.”

झडपेकडे पाहत ट्रेव्हरनं डोक्यावरची लोकरी टोपी काढली.

हेझलबाईंनी वाकून झडपेच्या फळीवर बोटाच्या पेरानं एकदा हलकेच ठोकलं. उत्तरासाठी थांबल्या नाहीत. कंदील उचलून त्या सगळ्यांच्या पुढे गेल्या.