बाईंचा वर्ग आणि माझी घरघर

मित्रांनो, माझा अवतार बघून नाक मुरडू नका. मी एक जुना स्पीकर आहे. उंची गुडघ्याएवढी, लाकडी पेटीचे कोपरे झिजलेले, समोर काळं कापड आणि त्यामागे कागदाचा एक गोल पडदा. माणसाला जसा गळा, तसा मला तो पडदा. कारखान्यात चष्मा लावलेल्या एका मावशींनी त्याची कड पेटीला चिकटवली होती. त्यांचा हात इतका नेटका होता की पुढे बावीस वर्षं ती कड जागची हलली नाही.

मला एका संगीत महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आणलं, ते एका तरुण शिक्षिकेने. विद्यार्थी त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. बाई संगणकावर संगीत रचायच्या. तेव्हा लोकांना ते निव्वळ खूळ वाटायचं. एकदा त्यांची आई लेकीचं काम बघायला आली.

"अगं, वाद्य नाही, वाजवणारं कुणी नाही. तू नुसते आकडे टाइप करतेस. यात गाणं कुठाय?"

"आई, जरा दम धर. अजून शिजतंय."

खरंच शिजत असायचं ते. दहा सेकंदांचा आवाज तयार करायला तेव्हाच्या संगणकाला पाऊण तास लागायचा. आईने विणकाम काढलं आणि बसून राहिली. शेवटी माझ्यातून एक सूर निघाला. घंटेसारखा सुरू झाला आणि बघता बघता माणसाच्या गळ्यासारखा झाला. आईच्या सुया थांबल्या.

"हे कोण गातंय?"

"कुणीच नाही गं."

"कुणी नाही कसं? आत्ता श्वास घेतला की त्याने!"

त्या दिवशी मी इतका फुगलो होतो की पेटीचे खिळे कसे निघाले नाहीत कोण जाणे.

बाईंच्या रचना पुढे मोठमोठ्या सभागृहांत वाजल्या. कौतुकाची पत्रं आली. ती त्यांनी खणात टाकली आणि भिंतीवर लावले ते विद्यार्थ्यांचे कागद. शिकवण्याची त्यांची तऱ्हाच निराळी. पहिल्या दिवशी त्या सांगायच्या, "घरी जा आणि रोज ऐकूनही न ऐकलेला एक आवाज घेऊन या." कुणी गळका नळ आणायचं, कुणी लिफ्टचं दार. एकाने आपल्या आजोबांचं घोरणं आणलं. त्यातून त्याने असं वादळ उठवलं की खालच्या मजल्यावरचा कारकून खिडक्या लावत सुटला.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. हेडफोन लावायचा नाही. "आवाज कानात कोंडू नका, खोलीत सोडा," त्या म्हणायच्या. त्यामुळे सगळ्यांची सगळी कामं माझ्याच तोंडून ऐकली जायची. मला त्याचा भारी अभिमान होता आणि तिथेच घात झाला.

तेविसाव्या वर्षी माझ्या पडद्याची कड एका बाजूने सुटली. खोल, खर्जातला सूर आला की माझ्या घशात घरघर व्हायची. तो बिघाड आहे हे रोज ऐकणाऱ्याला कळेना. बाईंना तर ती आवडली! त्या तेव्हा आपली सर्वांत मोठी रचना करत होत्या. आपल्याच आकडेमोडीतून हा खरखरीत, जिवंत आवाज निघतोय अशी त्यांची समजूत झाली. रचनेचा सगळा शेवट त्यांनी त्या घरघरीवर उभा केला. मी काय करणार? मला स्वतःहून एक शब्दही बोलता येत नाही.

वर्गात एक मुलगी होती. अतिशय सावकाश काम करायची, म्हणून तिला सगळे गोगलगाय म्हणत. तिच्या रचनेत सुंदर खर्ज होता. पण त्यावरही मी घरघरायचो. ती बिचारी चार आठवडे चूक शोधत राहिली. शेवटी म्हणाली, "बाई, मला खालचे सूर जमत नाहीत. मी ते काढून टाकते." बाईंनी होकार दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच वर्षी वर्गावर संकट आलं. नव्या प्राचार्यांना त्या खोलीत जादा बाकं ठेवायची होती. संचालक मंडळ वार्षिक कार्यक्रम ऐकणार आणि वर्ग राहणार की बंद होणार ते तिथेच ठरवणार होतं.

सभागृह आमच्या भिंतीपलीकडेच होतं. तिथले स्पीकर नवे कोरे होते. मी खोलीतून ऐकत होतो. बाईंची रचना छान रंगली आणि शेवट आला. तिथे घरघर नव्हती. एक गुळगुळीत, बापुडवाणा सूर चार मिनिटं रेंगाळला आणि संपला. टाळ्या पडल्या त्या रीतीपुरत्या.

थोड्या वेळाने आमच्या खोलीचं दार उघडलं. "हा शेवट मुळात कसा होता ते ऐका," म्हणत बाई आत आल्या, मागोमाग विद्यार्थी, प्राचार्य आणि मंडळाच्या अध्यक्षा. बाईंनी तोच शेवट माझ्यावर लावला. मी जीव तोडून घरघरलो.

"विलक्षण आहे हे!" अध्यक्षा म्हणाल्या.

"हा स्पीकर बिघडलाय," बाई म्हणाल्या. "आठ महिने मला कळलं नाही."

"आठ महिने मुलंही यावरच शिकत होती?" प्राचार्यांनी लगेच धरलं.

"हो. एकीने तर स्वतःचे चांगले सूर पुसले. चूक माझी, भोगलं तिने."

आता सगळं संपलं असं मला वाटलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "पण तुमची रचना तर यावरच वाजते. हा असाच जपून ठेवा आणि मुलांसाठी दुसरा घ्या."

"दुसरा येईल तेव्हा येईल. मुलांचा तास उद्या आहे. याची दुरुस्ती आजच होईल."

"आणि तुमची रचना?"

"गेली तर गेली. मुलांना खरं ऐकू यायला हवं."

अध्यक्षांनी भिंतीवरचे विद्यार्थ्यांचे कागद पाहिले. मग प्राचार्यांना म्हणाल्या, "बाकांसाठी दुसरी जागा बघा."

संध्याकाळी बाईंनी स्वतःच्या हाताने माझी कड चिकटवली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. जन्मभर मी दुसऱ्यांचे आवाज बोललो होतो. माझा स्वतःचा असा तो एकच होता, आणि ज्यांनी त्यावर प्रेम केलं त्यांनीच तो मिटवला. पण चिकटवण्याआधी त्यांनी तो शेवट माझ्यावर आणखी एकदा ऐकला होता.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत आणि मी कपाटावर धूळ खातो. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्या वस्तूच्या भरवशावर तुम्ही काम करता, तिचे नुसते लाड करू नका. तिची कधीतरी परीक्षा घ्या, बिघडली तर वेळेत दुरुस्त करा. तिच्या खोडीचं खापर एखाद्या शिकणाऱ्या पोरीच्या माथी फुटू देऊ नका.

दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी गोगलगाय सर्वांच्या आधी वर्गात आली. पुसलेले सूर तिने एकेक करून पुन्हा मांडले. दुपार झाली तरी कुणी तिला घाई केली नाही. मग तिने कळ दाबली. तिचा खर्ज माझ्यातून स्वच्छ, भरदार निघाला. ती बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, मला जमत होतं!"