काचेपलीकडे बारा पावलं

मी एक जुना रबरी रुग्ण आहे आणि मित्रांनो, गेल्या मंगळवारी मला रीतसर कर्णबधिर ठरवण्यात आलं. तसं काही घडलंच नाही, असं समजून पुढे वाचा. रुग्णालयाचं कार्यालयही तसंच समजतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्या दिवशी माझी चाळीस भावंडं जन्मली, सगळी उताणी. तिथून मी थेट नर्सेसच्या प्रशिक्षण वर्गात आलो. एकवीस वर्षांत डाव्या दंडाला इतकी इंजेक्शनं टोचली गेली, की तो आता खांद्यात टिकत नाही. हजारो मुलींनी छाती दाबून मला जिवंत केलं आणि लगेच डबा खायला गेल्या. "असा पेशंट मिळायला नशीब लागतं," ट्यूटरबाई म्हणायच्या. "काही विचारत नाही, काही सांगत नाही." मी त्याला कौतुक समजायचो.

माझी खाट काचेच्या दाराशी आहे. पलीकडे बारा पावलांवर रुग्णांचा बाक. गेल्या वर्षी त्या बाकावर एक आजी छाती धरून बसल्या होत्या. स्पीकरवर त्यांचं नाव तीनदा पुकारलं. आजी बहिऱ्या होत्या. केसपेपरवर शेरा पडला, 'गैरहजर'. मुलगी कामावरून येईपर्यंत शेरा खरा झाला होता.

मुलगीही बहिरी. वर्षभर ती कार्यालयाला पत्रं लिहीत राहिली. शेवटचं पत्र ट्यूटरबाईंनी वर्गात वाचून दाखवलं, "मला नर्सेसना शिकवायला एक तास द्या. समोर या, मास्क उतरवा, खांद्याला हात लावा, नाहीतर दिवा दोनदा उघडबंद करा. आम्ही एकमेकांना असंच बोलावतो. माझ्या आईला असं कोणी बोलावलं नाही."

तास मंजूर झाला. मंगळवारी ती वेळेआधी आली, त्याच बाकावर बसली.

"पाहुण्या आल्या का गं?" ट्यूटरबाईंनी एका मुलीला विचारलं.

"तीनदा पुकारलं, मॅडम. कोणी उठलंच नाही."

"बघा! यांच्यासाठी एवढं करा, आणि यांनाच किंमत नाही."

मला ती समोर दिसत होती. मी ओरडलो असतो, पण मला तोंड दिलंय ते फक्त नळी घालायला. आणि ओरडून तरी काय उपयोग होता म्हणा.

"मग प्रॅक्टिकल कोणावर करायचं?"

"हा आहे ना. याला कुठं ऐकू येतंय?"

माझ्या गळ्यात 'कर्णबधिर' अशी पाटी अडकवली. तीस मुली एकेक करून मास्कमधून माझ्या कानात ओरडल्या, "आजी, कुठं दुखतंय?"

तेवढ्यात बाकावरची ती उठून काचेशी आली. तिने माझी पाटी वाचली. मग बाहेरच्या बोर्डावरचं बटण दाबून वर्गातला दिवा दोनदा उघडबंद केला.

सगळ्यांनी वर बघितलं.

"ट्यूब गेली वाटतं," ट्यूटरबाई म्हणाल्या. "वायरमनला बोलवा."

वायरमन दहा मिनिटांत आला. एखाद्या तक्रारीची इतक्या लवकर दखल घेतलेली मी प्रथमच पाहिली. शिपाई तिला म्हणाला, "ओ ताई, बटणांना हात लावायचा नाही." तेही पाठमोरा, चालता चालता.

ती गेली. तीस मुली पास झाल्या. वहीत नोंद झाली, 'व्याख्यात्या गैरहजर'.

तरी मित्रांनो, माझा हा अर्ज पुढे पाठवा. विनंती, की केसपेपरवरचा आणि वहीतला, असे दोन्ही 'गैरहजर' खोडण्यात यावेत आणि पुढच्या तासाला पाहुण्यांना आणण्यासाठी एका कर्मचाऱ्याची, जाऊन-येऊन चोवीस पावलांकरिता, नेमणूक व्हावी. अर्ज मंजूर झाल्यास स्पीकरवर पुकारू नये. समोर येऊन सांगावं.

आपला आज्ञाधारक,
खाट क्रमांक एक